भवानीची लाल गाडी

"अजून एकदा दाबा, अक्का! घाबरू नका, जोरात!" मणी बॉनेटखालून ओरडला.

भवानीने ॲक्सिलरेटर दाबला. गॅरेजच्या पत्र्याखाली एकदम गुरगुर उठली, बाहेरच्या चिंचेवरचे कावळे उडाले आणि त्या सगळ्या आवाजावर चढून भवानी हसली. तोंड उघडून, मान मागे टाकून. घरात ती असं कधी हसत नसे.

रविशंकर दारातच थांबला. त्याच्या हातात कॉफीचा थर्मास होता. रविवारची सकाळ होती, भवानी आंघोळ करून जी इकडे आली ती आलीच होती. आपण स्वतः डिकॉक्शन घालून कॉफी घेऊन गेलो तर ती चकित होईल, असं वाटून तो आला होता. थर्मास झाकणाशी गळत होता आणि कॉफीचा एक ओघळ त्याच्या मनगटावरून शर्टाच्या बाहीत उतरला होता.

"सार का? या की," मणी हात पुसत म्हणाला आणि परत बॉनेटखाली वाकला.

पूर्वी असं होत नसे. रविशंकर विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्या तपासायचा. कुंभकोणम् आणि आसपासच्या गावांत कोणाची गाडी ठोकली, जळाली, कालव्यात गेली, की ती पाहायला तो यायचा. तो आला की मणी उठून उभा राहायचा, खुर्ची झटकून पुढे करायचा. भवानीला इथे पहिल्यांदा घेऊन आला होता तोही रविशंकरच.

"अहो, ऐकलंत? सायलेन्सर बदलला की आवाज कसा फिरला!" भवानी खिडकीतून डोकं काढून म्हणाली. तिच्या गालावर काळा डाग होता. "कसा वाटला तुम्हांस?"

"पोलीस पकडतील," रविशंकर म्हणाला.

"नियमातलाच आहे, सार," मणी आतून म्हणाला.

भवानीचं हसू लगेच गेलं नाही. हळूहळू गेलं. तिने कॉफी घेतली, मणीला दिली, छान झालीय म्हणाली आणि पेला ठेवून पुन्हा गाडीत बसली. रविशंकर थोडा वेळ उभा राहिला. मग गळका थर्मास घेऊन घरी आला.

भवानी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. वागायला मोजून मापून, बोलायला कमी. लग्नानंतर रविशंकरनेच तिला गाडी शिकवली होती, पण दोघं एकत्र निघाली की चालवायचा तो. ती शेजारी बसायची, मांडीवर पर्स ठेवून, रस्त्याकडे बघत. तिला चालवायला आवडतं का, हे त्याने कधी विचारलं नव्हतं आणि तिने कधी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी मुलगी, दिव्यश्री, शिकायला पुण्याला गेली. घरात बोललं जाणारं तंजावरचं मराठी तिच्या तोंडून ऐकून हॉस्टेलच्या मुली हसतात, 'मज' आणि 'तुज' म्हणून तिला चिडवतात, हे ती फोनवर सांगायची तेव्हा दोघंही हसायची. फोन ठेवला की घर फार शांत व्हायचं.

अशाच एका संध्याकाळी भवानी म्हणाली, "त्रिचीच्या एका डॉक्टराची पोलो विकायची आहे. टर्बो. मज हवी."

"घरी गाडी आहे की."

"ती कामाची. ही मौजेची."

त्याला वाटलं, चार दिवसांची हौस. पण गाडी आली आणि हौस संपेना. आधी चाकं बदलली. मग स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली. मग इंजिनाच्या कॉम्प्युटरचं काहीतरी, मग हवा आत घेणारी नळी. रात्रीच्या जेवणाला भवानी बोलायला लागली. वीस वर्षं तो बोलायचा आणि ती ऐकायची. कोणत्या ड्रायव्हरने काय थाप मारली, ती आपण कशी पकडली, असल्या त्याच्या गोष्टी. आता ती बोलायची. हातवारे करून सांगायची की वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकावर कसं जातं. त्यासाठी सांबाराची वाटी आणि मीठदाणी ताटाभोवती फिरवायची. आणि दर थोड्या वेळाने म्हणायची, "मणी म्हणतो..."

"सांबार निवतंय," रविशंकर म्हणायचा.

त्याची थोरली बहीण शिवकामी तिरुनागेश्वरम्ला राहायची. देवळातल्या राहुकाळाच्या पूजेला तो गेला तेव्हा तिने त्याला बाजूला घेतलं. "रवी, वहिनी दर रविवारी त्या गॅरेजांत बसतीये म्हणे. लोक बोलतात रे."

"बोलू देत."

"तुज काही वाटत नाही?"

"मणीची बायकोही तिथेच असते, अक्का. तसलं काही नाही."

ते खरंच होतं. आणि तसलं काही असतं तर त्याला बरं वाटलं असतं. रागवायला काही हाताशी तरी आलं असतं. इथे रागवायचं कशावर? बायको आनंदात होती. तो आनंद तिला त्याच्याशिवाय सापडला होता, एवढंच. आणि तोही गाड्यांमध्ये! आयुष्यभर तो गाड्यांमध्येच फिरला होता. पण त्याच्या वाट्याला आल्या त्या चेपलेल्या, फुटलेल्या, रक्ताचा वास येणाऱ्या. भवानीला मात्र जिवंत गाडी मिळाली होती, याचा त्याला इतका मत्सर वाटायचा की रात्री पोर्चमध्ये जाऊन तो त्या लाल बॉनेटवर हात ठेवून उभा राहायचा. ते गरम असायचं.

एकदा त्याने ठरवलं की आपणही या गाडीसाठी काहीतरी आणायचं. मोठ्या बाजारात जाऊन त्याने लाकडी मण्यांचं सीट कव्हर घेतलं, चांगल्यातलं, पाठीला थंडावा देणारं. भवानीने ते उलगडून पाहिलं. "किती छान आहे," ती म्हणाली. "तुम्ही आणलंत?" तिला खरंच बरं वाटलेलं दिसलं. पुढच्या आठवड्यात एका ठोकलेल्या ट्रॅक्टरच्या कामासाठी रविशंकर मणीकडे गेला, तर ते कव्हर मणीच्या खुर्चीवर घातलेलं होतं.

"अक्कांनी दिलं, सार," मणी पाठ टेकवत म्हणाला. "त्या सीटवर बसत नाही म्हणाल्या. वळणावर घसरायला होतं त्याच्यावर. पण मज्जा आहे हां, पाठ अगदी गार राहते."

रविशंकरने ट्रॅक्टर पाहिला, फोटो काढले आणि निघून आला.

मग कोइंबतूरचं निघालं. तिथल्या रेसच्या ट्रॅकवर एका रविवारी साध्या लोकांना आपापली गाडी घेऊन जाता येणार होतं. भवानीने नाव दिलं.

"तुम्ही या की माझ्याबरोबर," ती म्हणाली. कपाटाशी उभी राहून, साडीच्या घड्या घालता घालता, त्याच्याकडे न बघता. "शेजारी बसता येतं म्हणे. हेल्मेट देतात."

त्याच्या तोंडापर्यंत 'येतो' आलं होतं. पण तो म्हणाला, "त्या दिवशी तंजावरांत एकोजीच्या घराची वास्तुशांती आहे. आपण दोघांनी जायला हवं, माहीत नाही तुज?"

भवानीने घडी घातलेली साडी कपाटात ठेवली. "तुम्ही जा तिकडे. मी मणी आणि त्याच्या बायकोबरोबर जाते. एकोजीस मी फोन करते."

एवढ्या सहज तिने सोडवून टाकलं.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी रविशंकर दुपारी घरी होता. भवानी स्कूटरवरून शाळेत गेली होती. गाडी पोर्चमध्ये धुऊन पुसून उभी होती. खिळ्याला किल्ली होती. आपण काय करतोय हे स्वतःला नीट न सांगताच त्याने ती घेतली.

सीट फार खाली होती. त्याला जमिनीवर बसल्यासारखं वाटलं. गावातून बाहेर पडेपर्यंत गाडी नुसती हिसके देत होती, जणू त्याला ओळखत नव्हती. तिरुविसनल्लूरच्या बाजूला रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडे भाताची हिरवी खाचरं, मध्ये सरळ डांबर. त्याने पाय दाबला.

पाठ सीटला चिकटली. आवाज मागून आला आणि त्याच्या बरगड्यांत शिरला. वळण आलं आणि गाडी वळली, जराही न हेलकावता, जणू रस्त्याला हातांनी धरून. आणि रविशंकरच्या तोंडून एक हसू निघालं, आपोआप, मोठ्याने. त्याला ते ओळखीचं वाटलं. भवानीचंच होतं ते.

म्हणजे हे होतं तर. हे ती रोज जेवताना ताटाभोवती वाटी फिरवून सांगत होती.

त्याचं हसू तिथेच विरलं. त्याला आठवलं ते मण्यांचं कव्हर, 'मणी म्हणतो', कपाटाशी पाठमोरी उभी असलेली ती. कालव्याच्या पुलाअलीकडचा गतिरोधक त्याला दिसला; पण पाय ब्रेकवर उशिरा गेला. खालून कडकन आवाज आला, दगडावर भांडं आपटावं तसा.

गाडी पुलावरून पलीकडे गेली. थोड्या वेळाने समोर लाल दिवा लागला, तेलाच्या झारीचा, आणि बारीक आवाजात काहीतरी वाजायला लागलं.

तो दिवा म्हणजे काय, हे कुंभकोणम्मध्ये रविशंकरइतकं कोणाला माहीत नसेल. तो लागला की जिथे असाल तिथे इंजिन बंद करायचं. नाहीतर तेलावाचून इंजिन स्वतःलाच खातं. कित्येक ड्रायव्हरांना त्याने विचारलं होतं, "दिवा लागला तेव्हा थांबला का नाहीस?" आणि प्रत्येक जण म्हणाला होता, "दिसलाच नाही, सार." ते खोटं असतं हे त्याला दर वेळी कळायचं.

उजव्या हाताला पुंगाचं, म्हणजे करंजाचं मोठं झाड होतं. खाली सावली होती, थांबायला जागा होती. रविशंकरने झाडाकडे पाहिलं. दिव्याकडे पाहिलं. आणि पाय तसाच ठेवला. झाड मागे गेलं.

आधी टकटक सुरू झाली. मग खडखड. मग गाडीने एक हिसका दिला आणि सगळा आवाज एकदम थांबला. गाडी घरंगळत रस्त्याच्या कडेला लागली. शेतात बगळे चरत होते. बऱ्याच वेळाने रविशंकरने भवानीला फोन लावला.

भवानी शाळेच्या साडीतच स्कूटरवरून आली. तिच्यामागोमाग मणी टोइंगची गाडी घेऊन आला. त्याने वाकून खाली पाहिलं, तेलाची काडी ओढून पाहिली, कोरडी. मग तो रस्त्यावरच्या तेलाच्या रेघेमागून चालत गेला, झाडापर्यंत, झाडाच्याही पलीकडे पुलापर्यंत. तिथे उभं राहून त्याने एकदा इकडे पाहिलं. परत आला तेव्हा तो कोणाकडेच बघत नव्हता.

"दिवा लागला नाही का, सार?"

"लागला असेल," रविशंकर म्हणाला. "ऊन होतं समोर. दिसला नाही."

भवानीने त्याच्याकडे पाहिलं. सूर्य गाडीच्या मागे होता. आणि वीस वर्षं जेवताना तिने हेच ऐकलं होतं, खोटं बोलणारे ड्रायव्हर काय काय सांगतात ते. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर त्याने तो झेलला असता. तो वाट बघत होता.

"तुम्हांस कोठे लागलं नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"सरी, बरं," ती म्हणाली.

मग ती गाडीत वाकली, उघड्या राहिलेल्या काचा वर केल्या, सीटवर उडून आलेला भाताचा कोंडा हाताने झटकला आणि दार लावलं. हलकंच लावलं, आत कोणी झोपलं असल्यासारखं.

"नवीन इंजिन घालता येईल, अक्का," मणी म्हणाला. "मी शोधतो."

"नको, मणी. राहू दे."

त्या संध्याकाळपासून ती घरीच होती. रविशंकरला हवं होतं ते सगळं मिळालं. ती त्याच्यासमोर बसून जेवायची, वह्या तपासायची, भाजी काय आणायची ते विचारायची. त्याने एका ड्रायव्हरची गोष्ट काढली, तिने शेवटपर्यंत ऐकली, हं म्हणाली. सांबाराची वाटी जागची हलली नाही.

"मणी काय म्हणतो?" त्याने शेवटी विचारलं.

"काही नाही," भवानी म्हणाली. "भात वाढू?"

रविवारी ती रेशमी साडी नेसून त्याच्याबरोबर वास्तुशांतीला आली. एकोजी त्याचा चुलतभाऊ, बोलघेवडा माणूस. नव्या घराच्या दारातच त्याने विचारलं, "वहिनी, आज रेसला जाणार होतात म्हणे? ती लाल गाडी कोठे आहे?"

"बिघडली ती."

"अय्यो! कशी काय?"

रविशंकरने हातातलं नारळाचं ताट घट्ट धरलं.

"जुनी गाडी होती, भावजी," भवानी म्हणाली. "जुन्या गाडीचं काय सांगायचं." आणि ती आत बायकांच्यात जाऊन बसली.

दुपारी दोघं परत निघाली. नवा चौपदरी रस्ता उन्हात लांबच लांब पडला होता, एक वाहन नव्हतं. भवानी शेजारी होती, मांडीवर वास्तुशांतीचा ताम्बूलम्, पानसुपारी आणि नारळ. रविशंकरला वाटलं, काहीतरी करावं. काय करावं हे त्याला सुचेना, आणि मग सुचलं. त्याने पाय दाबला. घरच्या जुन्या पांढऱ्या गाडीने जरा कुरकुर केली आणि मग वेग घेतला. खिडकीला वारा वाजायला लागला. काटा त्याने कधीच नेला नव्हता तिथे गेला. त्याने अजून दाबला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं. तिने एकदा मान मागे टाकावी म्हणून तो वाट बघत होता.

भवानीने एका हाताने मांडीवरचा नारळ सावरला. दुसऱ्या हाताने दारावरची कडी धरली.

"सावकाश चालवा," ती म्हणाली. "घाई काय आहे?"

त्याने पाय उचलला. वाऱ्याचा आवाज कमी झाला. मागून पेंढ्याने भरलेली एक लॉरी आली, हॉर्न देत त्यांना ओलांडून पुढे गेली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत भवानी तिच्याकडे बघत राहिली.