साडेसदतीस कोयते

शिरूर कासारला निघायचं त्या सकाळीही टँकर आला नव्हता. घरात दीड घागर पाणी. त्यातलं खेमाच्या बाटलीत भरलं आणि उरलेल्याकडे बघत उभी राहिले, तशा सासूबाई म्हणाल्या, "बघत बसल्यानं पानी वाढत न्हाई, माय. जा तू. यष्टी चुकंल."

खेमा माझी मुलगी, दोन वर्षांची. परवाच तिचा ताप उतरला होता, म्हणून तिला घरी सोडवेना. काखेत मुलगी, खांद्याला फायलीची पिशवी, अशी मी चौसाळ्याहून बीडला आणि बीडहून शिरूरला निघाले. दर दहा मिनिटांनी तिच्या कपाळाला हात लावत होते. शेजारची बाई शेवटी म्हणाली, "निवलंय लेकरू. तुमचाच हात गरम हाय."

एलएल.बी. होऊन मला अडीच वर्षं झाली होती. सनद मिळाली, काळा कोट शिवला, आणि बीडच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या मागच्या खुर्चीवर बसायला लागले. पुकारा झाला की उठायचं आणि पुढची तारीख मागायची, हे माझं काम. पगाराचं विचारायचं नसतं. बँकेत अर्ज केला, तिथे तीन वर्षांचा अनुभव हवा होता. औरंगाबादला एका ऑफिसात मुलाखतीला गेले, तर त्यांनी कायद्याचं एकच विचारलं आणि लहान मुलीचं चार वेळा. पुण्याला कंत्राटावर असलेला माझा नवरा रागावत नव्हता, पण गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर तुम्ही दोघी इकडंच या. पॅकिंगचं काम मिळतं इथं बायकांना." सनद ट्रंकेत ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ होता.

कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो कागद डकवलेला दिसला. 'ऊसतोड मजूर सहकारी संस्था (नियोजित). कायदा सल्लागार पाहिजे. आठवड्यातून तीन दिवस.' तीन दिवस म्हणजे सनदही राहते आणि कामही मिळतं.

शिरूरला संस्थेचं ऑफिस म्हणजे बंद पडलेलं खताचं दुकान. आत बंकटराव बसले होते. तीस वर्षं मुकादम होते, टोळ्या जमवून कारखान्यावर न्यायचे. आता संस्था काढायला निघाले होते. दारात पायरीवर एक बाई बसली होती. खेमाने तिच्याकडे पाहिलं, तिने खेमाकडे पाहिलं, आणि दोघींचं तिथेच जमलं.

"पूर्ण नाव?" बंकटरावांनी विचारलं.

"संघमित्रा ओव्हाळ."

आडनाव ऐकून त्यांची नजर माझ्यावर जरा थांबली. ते माझ्या लक्षात आलं; असं लक्षात येतंच. मग ते म्हणाले, "बसा."

त्यांनी एक अर्ज पुढे सरकवला. संस्थेच्या नोंदणीचा, निबंधक कचेरीतून परत आलेला. सभासद संख्येच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'साडेसदतीस कोयते.' शेजारी लाल शाईत शेरा: 'कोयता ही व्यक्ती नव्हे. अर्धा सभासद म्हणजे काय, याचा खुलासा करावा.'

हसू मी कसंबसं गिळलं. शेरा लिहिणारा बाहेरच्या जिल्ह्यातला असणार. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. दोघं मिळून एक. एकटं माणूस असलं, तर अर्धा कोयता. बंकटरावांनी तीस वर्षं माणसं अशीच मोजली होती, तशीच अर्जात लिहिली.

"तुमच्या आदी तीन वकील येऊन गेले," ते म्हणाले. "तिघांनी बी एकच सांगितलं. एका कोयत्याला एक नाव, नवऱ्याचं. सदतीस नावं टाकायची, काम खतम. तेवढा अर्ज नीट लिहून द्या, सोमवारपासून या."

मी पेन उघडलंसुद्धा. मग विचारलं, "आणि अर्धा?"

"अर्ध्याचं मागून बघू."

"मागून म्हंजे कवा, बंकटराव?" पायरीवरून आवाज आला. "मी मेल्यावर?"

"ह्या गीताबाई," बंकटराव मला म्हणाले. "मालक वारले गेल्या साली. त्यो अर्धा कोयता म्हंजे ह्याच."

पेन माझ्या हातात तसंच राहिलं. सदतीस नावांचा अर्ज मंजूर झाला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. नोकरीही मिळाली असती. पण मला सासूबाई दिसत होत्या. नऊ हंगाम त्या सासऱ्यांबरोबर ऊसतोडीला गेल्या. सासरे वारले, आणि पुढच्या दसऱ्याला मुकादम गल्लीत आला, तो आमचं दार सोडून पुढे गेला. अर्धा कोयता नको म्हणाला. हे मी एकाही मुलाखतीत कुणाला सांगितलं नव्हतं. बायोडाटात 'कुटुंब: शेती' असं लिहीत आले होते.

"माझ्या सासूबाई अर्धा कोयता होत्या," मी म्हणाले. "मोळी मात्र त्यांच्या डोक्यावर कुणी अर्धी दिली नाही."

बंकटरावांनी मान वर केली.

"हे सदतीस सभासद नाहीत. सदतीस दुणे चौऱ्याहत्तर, आणि गीताबाई. पंच्याहत्तर. कायद्यात सभासद म्हणजे माणूस, ज्याच्या त्याच्या नावाने. सदतीस लिहून देते, ते चालेल. पण उद्या गाडीवरून एखादी बाई पडली, तर ती तुमच्या संस्थेची कुणीच नसेल."

"एका घरात दोन मतं?" बंकटराव म्हणाले. "पातं एकीकडं जाईल अन् मूठ एकीकडं."

"जाऊ द्या की," गीताबाई म्हणाल्या. "मूठ कोणाच्या हातात हाय, ते तरी कळंल."

बंकटरावांना हसू आलं असावं, पण ते मिशीतच राहिलं. "अकरा दिवसांनी कारखान्याला जायच्या गाड्या भरायच्यात. यंदा गावात पानीच न्हाई, लोक दसऱ्यापस्तोर थांबत न्हाईत. पंच्याहत्तर अर्ज, अंगठे, आधारकार्डं. कोण करनार? तुमी? लेकरू काखंत घिऊन?"

"काखेत घेऊनच. तुमच्या उसाच्या फडात बायका काय करतात?"

बोलून गेले आणि वाटलं, गेली ही नोकरी. खेमाची बाटली उचलून पिशवीत ठेवली.

बंकटरावांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "एक नाव लिहा. बघू किती टाइम लागतो."

गीताबाई आत आल्या, कडेवर खेमा.

"पूर्ण नाव?"

"गीताबाई ज्ञानोबा मिसाळ."

"वय?"

"भात्तरच्या दुष्काळात मी रांगत व्हते म्हनं. बघा तुमी."

आधारकार्डावर जन्मतारीख एक जानेवारी होती, निम्म्या तालुक्याची असते तशी. साल मात्र दुष्काळाशी जुळत होतं.

"व्यवसाय?"

गीताबाईंनी बंकटरावांकडे पाहिलं. "काय सांगू, बंकटराव? अर्धा कोयता?"

मी 'ऊसतोड कामगार' लिहिलं आणि अनुक्रमांकाच्या रकान्यात एकचा आकडा टाकला. गीताबाईंनी अंगठा दिला नाही. पेन मागून घेतलं आणि एकेक अक्षर सावकाश काढत सही केली.

बंकटरावांनी घड्याळ उचललं. "बारा मिंटं." ओठ हलवत त्यांनी हिशेब केला. "पंधरा तास व्हतेत समद्यांचे. व्हतंय की." मग गीताबाईंना म्हणाले, "जा, मालनबाईला बोलवा. तिच्या मालकाला बी." आणि माझ्याकडे न बघता, "सोमवारपर्यंत कशापायी थांबायचं?"

त्या दिवशी नऊ नावं झाली. नवव्याला खेमा पोत्यावर झोपली होती. कपाळ गार होतं.

घरी पोचले तर टँकर येऊन गेला होता, घागरी भरलेल्या होत्या. सासूबाईंनी विचारलं, "कितीक दिवसाचं काम?"

"आठवड्यातून तीन दिवस."

त्यांनी बोटं मोजली. "म्हंजे तू बी अर्धाच कोयता झालीस की."

मग मी त्यांना साडेसदतीसची गोष्ट सांगितली. मान खाली घालून ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच विचारलं, "सही केली तिनं? सोताची?"

"स्वतःची."

"उद्या मी बी येते. लेकरू धरीन," त्या म्हणाल्या, आणि चूल पेटवायला गेल्या.

मी पुण्याला फोन लावला. म्हटलं, दिवाळीला तुम्हीच इकडे या.