तीन पट्ट्या

खोटं मी एकाच शब्दाचं बोलले, तेही तोंडाने नाही, पेन्सिलीने. शब्द होता 'बसली'.

साल एक्क्याऐंशी. ग्रीनलँडच्या बर्फावर आमची छावणी आणि छावणीच्या खाली, बर्फातच खोदलेल्या चरात ड्रिल. टॉर्किल ते सतराशे मीटर खाली सोडायचा, दोन मीटरची बर्फाची कांब वर आणायचा आणि माझ्या लाकडी पन्हळीत ढकलायचा. पुढचं काम माझं. आधीच्या कांबेचं खालचं टोक पन्हळीत असायचंच. नव्या कांबेचं वरचं टोक त्याला भिडवायचं आणि तुटलेले काठ एकमेकांत अडकेपर्यंत हळूहळू फिरवायचं. अडकले की वहीत लिहायचं, बसली. म्हणजे मधला बोटभरही बर्फ हरवलेला नाही. न बसवता 'बसली' लिहिणाऱ्याला पुढच्या विमानाने घरी पाठवतो, हे आमचा प्रमुख होल्गर पहिल्याच दिवशी प्रत्येकाला सांगायचा. एकाला त्याने पाठवलंही होतं.

शनिवारी संध्याकाळी टाय बांधून जेवायला बसायची आमची रीत. आठवडाभर अंघोळ न केलेले पुरुष दाढी करून यायचे, मी माझा एकुलता एक बरा फ्रॉक लोकरी विजारीवर चढवायचे. त्या शनिवारी शेवटची कांब उशिरा आली. बोटं बधिर झाली होती. वर डुकराचं मांस भाजलं जात होतं, आणि त्याची कुरकुरीत साल उशिरा येणाऱ्याला कधीच मिळत नाही. मी दोन्ही टोकं नुसती शेजारी ठेवली, 'बसली' लिहिलं आणि शिडी चढले. सालीचे दोन तुकडे खाल्ले. लाज वाटते सांगायला, पण छान लागले.

सोमवारी कांबेचा तोच भाग खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर आला. त्या खोलीवर एका वर्षाचा बर्फ म्हणजे अंगठ्याएवढी एक पट्टी. थंडीच्या युगातला बर्फ धुळीने गढूळ असतो, उबेतला स्वच्छ. खालचा तुकडा ताकाच्या निवळीसारखा गढूळ होता. वरचा काचेसारखा. एक युग संपून दुसरं लागलं होतं आणि मध्ये, दोन्ही तुकड्यांच्या मिळून, फक्त तीन पट्ट्या होत्या. तीन वर्षं. नेमक्या त्याच पट्ट्यांमधून तो भंग गेला होता, जिथे मी टोकं बसवली नव्हती.

होल्गरने तो तुकडा पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. असे बदल व्हायला निदान शंभर वर्षं लागतात, हे तो तीस वर्षं शिकवत आला होता, आणि आम्हीही तेच शिकून आलो होतो. जगाची हवा तीन वर्षांत उलटत असेल, तर वरून कारखान्यांचा धूर हवेत सोडत बसलेल्या आम्हा माणसांचं काही खरं नव्हतं. पुढचे दोन दिवस तो जेवताना बटाटे ताटात तसेच ठेवायचा. टॉर्किलची थट्टाही हळूहळू आटली. आणि मी? चोराच्या मनात चांदणं. कोणी वही उघडली की मी तिथून उठून जायचे.

बुधवारी कॉफीच्या वेळी होल्गरने सरळ विचारलं. आमच्यात प्रमुखालाही अरे-तुरेच करतात, पण त्या दिवशी तेही जड गेलं.

"रिग्मोर, ही कांब तू बसवली होतीस?"

"नाही," मी म्हणाले. "नुसतं लिहिलं. जेवायची घाई होती."

मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार. होल्गर मात्र खुर्चीत मागे रेलला आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मग मध्ये बर्फ हरवलाय, तो म्हणाला, ड्रिलने चघळून चुरा केला असणार, चांगला दोन-तीन मीटर, शंभर-दीडशे वर्षं गेली त्या चुऱ्यात. शुक्रवारच्या विमानाने मी जायचं, हेही त्याने जवळजवळ प्रेमाने सांगितलं. आणि मला, देवाशपथ, सुटल्यासारखं वाटलं. नोकरी गेली तर गेली. माझ्या आळसामुळे ती तीन वर्षं खोटी ठरणार असतील, तर माझ्यासारखी आळशी बाई दुसरी नको.

टॉर्किलने कप आपटला.

"म्हणजे मी तीन मीटर बर्फ खाल्ला म्हणता? बावीस वर्षं ड्रिल चालवतोय, केबल मोजून सोडतो, मोजून ओढतो. वीतभर हरवला असता तरी कळलं असतं मला. आणा तो तुकडा. आत्ता बसवा."

होल्गरला ते नको होतं, हे मला स्पष्ट दिसलं. पण नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

आम्ही तिघं चरात उतरलो. बर्फाचं छत दरवर्षी थोडं खाली येतं, त्या वर्षी टॉर्किल वाकून चालायचा. मी हातमोजे काढले. गढूळ तुकडा स्वच्छ तुकड्याला भिडवला आणि फिरवू लागले. पाव फेरा झाला, काही नाही. अर्धा झाला. नको बसूस, नको बसूस, मी मनात म्हणत होते. पाऊण फेऱ्याला हातात एक बारीक झटका जाणवला आणि तुकडा पुढे हलेना. भंग कुठे होता, ते नखालाही लागत नव्हतं.

"काढून परत बसव," होल्गर म्हणाला.

मी परत बसवला. चार वेळा. दर वेळी त्याच एका जागी. टॉर्किलचं म्हणणं खरं ठरलं होतं, पण तो टोपी काढून नुसती हातात धरून उभा राहिला.

होल्गरने वही मागितली, माझ्या 'बसली'खाली स्वतःची सही केली. विमानाचा विषय त्याने काढला नाही, विसरलाच असावा. मग ज्या माणसाने तीन उन्हाळ्यांत कोणाच्याही घरची चौकशी केली नव्हती, त्याने मला विचारलं,

"तुला मुलगी आहे ना? केवढी झाली?"

"मार्चमध्ये तीन पूर्ण झाली."

त्याने अंगठा पहिल्या पट्टीवर ठेवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिसरीच्या पुढे थेट स्वच्छ बर्फ होता.

"एवढीच," तो म्हणाला.