अम्मीच्या हातांचा फोटो

बाळांनो, डोळे मिटा आणि एक शेगडी डोळ्यांपुढे आणा. कोळशावर लाख मऊ झाली आहे आणि दोन हात ती पाटावर लाटून तिची वळी करत आहेत. लाल वळी, बोटभर जाड. मनगटाच्या वर चित्रात काही नाही. दिसले का? ते हात मदीहाच्या अम्मीचे, कमरजहाँचे. ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या हिवाळ्यात अम्मी वारली.

चंद्रपुरात, जटपुरा गेटाजवळच्या गल्लीत, मदीहाचे अब्बा जाफर यांचे लाखेच्या बांगड्यांचे दुकान होते. २००९ साली धाकट्या आरिफचाचाने दुकानाची वेबसाइट केली आणि सगळ्यात वर या हातांचाच फोटो लावला. त्याच्या काही वर्षे आधी मुंबईहून एक फोटोग्राफर आला होता. अम्मी चेहरा दाखवायला तयार नव्हती, म्हणून त्याने हातच टिपले. मग आठवण म्हणून एक मोठी छापील प्रत आणि एक सीडी पाठवली. प्रत दुकानाच्या भिंतीवर गेली, सीडीतला फोटो वेबसाइटवर. आधी फोटोग्राफरला विचारावे लागते, हे कोणाच्या डोक्यातच आले नाही.

अम्मीचा दुसरा फोटो नव्हताच. रेशनकार्डावर होता, पण त्यात चेहरा शिक्क्याच्या शाईखाली गेला होता.

एका दुपारी त्या फोटोग्राफरच्या वकिलाचा इंग्रजी ईमेल आला. आरिफने तो वाचला.

"काय म्हणते?" अब्बांनी विचारले.

"म्हणते फोटो आमचा हाय. न विचारता माल इकाले लावला. वेबसाइटवरून काढा, जेवढ्या प्रती असतील तेवढ्या नष्ट करा. नाई तर दावा टाकू. दुकान बंद पडन."

"पण हात तर अम्मीचे हायेत नं, चाचा?" मदीहा म्हणाली. ती सहावीत होती.

"हात तिचे, फोटो त्याचा. तुह्या मैत्रिणीनं तुह्यं चित्र काढलं, तर ते कोणाचं?"

"तिचं. पण तिनं मले देऊन टाकलं तर?"

"तर कागद तुहा. ठेव घरात. छापून धंद्याले नाई लावायचं. वकिलीण निंगाली हे तर."

कोणी हसले नाही. आरिफने वेबसाइटवरचा फोटो काढला. वर कोरी पांढरी जागा उरली.

"तुहे हात ठेव शेगडीपाशी," तो मदीहाला म्हणाला. "नवा काढतो."

मदीहाने हात ओढणीखाली घेतले.

अब्बा उठले. त्यांनी सीडी मोडली. मग स्टुलावर चढून भिंतीवरची चौकट उतरवली.

"भाईजान, तो राहू द्या," आरिफ म्हणाला. "तो त्यानंच देल्ला हाय. तो आपला हाय."

"सगळ्या प्रती लिहिलं हाय का नाई?"

"लिहिलं हाय, पण त्याचा मतलब..."

"मंग सगळ्या. दुसऱ्याची चीज घरात नाई ठेवायची."

हे ते भांडल्यासारखे बोलले नाहीत. अम्मी गेल्यापासून ते सगळेच असे बोलत, भाव सांगावा तसे. त्यांनी चौकटीतून कागद काढला आणि शेगडीत घातला. कागद कडेकडून काळा होत गेला. मदीहा बघत राहिली. तिला रडू येईल असे वाटले होते, आले नाही. अब्बांनी चिमट्याने राख सारली, लाखेचा गोळा तापायला ठेवला आणि गिऱ्हाइकाच्या मापाची बांगडी करायला बसले. आरिफ चहा सांगायला बाहेर गेला.

कॉम्प्युटर चालूच होता. मदीहा खुर्चीवर बसली. वकिलाच्या ईमेलखाली उत्तर लिहायची जागा तिला माहीत होती. इंग्रजी येत नव्हते, म्हणून तिने इंग्रजी अक्षरांत मराठीच लिहिले: वेबसाइटवरचा फोटो काढला. सीडी मोडली. भिंतीवरचा जाळला. आता आमच्याकडे एक पण नाही. तुमच्याकडचा पुसू नका.

खाली चाचाचे नाव आपोआप आले होते. मदीहाने ते खोडले, स्वतःचे नाव लिहिले आणि ईमेल पाठवून दिला.