गालसानने विकलेली शेगडी

मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे. मंगोलियातल्या उलानबातर शहराच्या टेकडीवर, खांडमाच्या लोकरी तंबूत मधोमध उभी असते.

मित्रांनो, माझा पहिला मालक गालसान. आठ हिवाळे मी त्याचे घर ऊबदार ठेवले. त्याने कधी राख वेळेवर काढली नाही, उलट लाथा घातल्या. माझे धुराडे तडकले तेव्हा भेगेत चिखल लिंपला, वर काळा रंग फासला आणि मला शेजारच्या खांडमाच्या गळ्यात मारले.

खांडमाची मेंढरे बर्फात मेली होती, म्हणून ती लेकीला घेऊन माळावरून शहरात आली होती. तिला शेणी पेटवता येत. कोळसा ठाऊक नव्हता.

"दादा, जरा दाखवता का?" तिने विचारले.

"त्यात काय दाखवायचं?" गालसान हसला. "खच्चून भर, धुराड्याची झडप लाव. शेणात हात घालणाऱ्यांना एवढंही जमत नाही होय?"

तिने तसेच केले. चिखल गळून पडला, विषारी धूर तंबूत कोंडला. लेक अनुजिन चहा ओतता ओतता कोसळली. खांडमाने तिला फरफटत बर्फात नेले, तेव्हा कुठे पोरीने श्वास घेतला. मला लाज वाटली. त्याहून जास्त संताप आला.

खांडमाने नवे धुराडे बसवले आणि ती माझ्यापुढे बसून चुकतमाकत शिकली. आधी बारीक लाकूड, मग मूठभर कोळसा. निखारा लाल होईपर्यंत झडप उघडी. रोज राख, आठवड्याला काजळी.

ऐन थंडीत एका सकाळी गालसानची सून तान्हे बाळ घेऊन धावत आली. त्यांची नवी शेगडी धूर ओकत होती. बाळाला माझ्याजवळ निजवून खांडमा तिकडे गेली. कुंपणापलीकडचे सगळे मला ऐकू येत होते. तिने धुराडे उतरवून पोतेभर काजळी गालसानच्या दारात ओतली.

"या गं, या! कोळशातले मास्तर बघा!"

गल्ली जमली.

"पुरे ना, खांडमा," गालसान कण्हला.

"माझी पोर मरत होती तेव्हा पुरे झालं नव्हतं? सांगा सगळ्यांदेखत. मला विकलेल्या शेगडीचं धुराडं तडकलंय, ठाऊक होतं की नाही?"

"होतं."

"मोठ्यानं!"

"होतं!"

सुनेला तिने सारे नीट शिकवले. दुपारी गालसान माफी मागायला आला आणि गारठलेले हात माझ्यापुढे धरू लागला. खांडमाने दाराकडे बोट दाखवले.

"शेकायचं ते आपल्या घरी."

त्या दिवशी मी कधी नव्हे इतकी छान पेटले. मित्रांनो, जिच्या उबेवर जगता तिची राख काढा, धुराडे साफ ठेवा. आणि कुणी शिकवा म्हणाले, तर खरे शिकवा.