पहिल्या कलशाचा मान

"भरतेशअण्णा, मुकुट सरळ करा. इंद्र हाय तुमी आज, मान पाडून काय बसलाय?"

पूजा सांगणारे उपाध्ये असं बोलल्यावर मागच्या बायका हसल्या. भरतेशने सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट वर सारला. शेजारी इंद्राणी होऊन बसलेली पद्मावती नव्या नवरीसारखी लाजत होती. विश्रामबागेतल्या या मंदिरात पर्युषणातला मूर्तीच्या अभिषेकाचा पहिला कलश सवालात, म्हणजे लिलावात, सगळ्यांत मोठी बोली करणाऱ्या जोडप्याच्या हातून होतो. लग्न झाल्यापासून ती मागे बसून दुसऱ्यांचे कलश बघत आली होती. परवा भरतेशने एकदम बोली वाढवून सगळ्यांना गप्प केलं, तेव्हा घरी येऊन तिने एवढंच विचारलं होतं, "आवं, खरंच?"

खरंच होतं. पैसे तेवढे यायचे होते.

भरतेश तासगावला बेदाण्याची दलाली करी आणि मधल्या वेळात मोबाइलवर शेअर बाजारातले ऑप्शन विकी. बाजाराचा निर्देशांक मंगळवारपर्यंत अमुक आकड्याच्या वर जाणार नाही, असं धरून ऑप्शन विकायचा आणि त्याचे पैसे, म्हणजे प्रीमियम, आधीच खिशात घालायचा. तो आकडा म्हणजे स्ट्राइक; बाजार तिच्या वर गेला की तोटा. लांबची धरली तर मिळतं थोडं, पण झोप लागते. जवळची धरली की प्रीमियम भरघोस आणि जीव टांगणीला. भरतेश कायम लांबची धरायचा. वर त्याच्याही पलीकडची एक विकत घेऊन ठेवायचा, म्हणजे बाजार उधळला तरी तोट्याला कुंपण राही. या खेपेला मात्र त्याने बोलीचा आकडा मनात धरला आणि तेवढा प्रीमियम देणारी स्ट्राइक शोधली. ती अगदी नाकासमोरची निघाली. कुंपणही घातलं नाही, कारण त्यात पैसे गेले असते. बायकोवरच्या मायेपोटी शहाणा माणूसही असला गाढवपणा करतो. तारण ठेवले होते लेकीच्या शिक्षणाचे फंड.

आज तो मंगळवार होता. सोवळ्यात फोन चालत नाही, म्हणून तो बाहेर चपलांच्या कपाटावर पिशवीत ठेवलेला.

जिनेश आणि त्याची बायको दीपाली सोवळ्यातच, पण उशिरा येऊन मागे बसले. जिनेशही बेदाण्यातलाच, परवाच्या सवालात हरलेला, पण त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तो पुढे वाकून कुजबुजला, "बाजार लय पळालाय गड्या. कुठली विकलीस?"

भरतेशने आकडा सांगितला.

"आन् वरची घेतलीस न्हवं?"

"न्हाई."

जिनेशने डोळे मिटून कपाळाला हात लावला. भरतेशची नजर बाहेरच्या चपलांच्या कपाटाकडे गेली. मंत्र कानावर नुसते आदळू लागले. एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर त्याची चुळबुळ सुरू झाली.

"पोटात दुखतंय का?" पद्मावतीने हळूच विचारलं.

"न्हाई. आलोच मी."

"आवं, आता कुठं? कलश आलाच की."

"दोन मिन्टं."

चपलांच्या गराड्यात इंद्रदेव मोबाइल धरून उभे राहिले. बोटांना गंध लागलेलं, स्क्रीन ऐकेना. त्याने धोतराला बोटं पुसली. निर्देशांक स्ट्राइक ओलांडून गेला होता. विकलेला ऑप्शन परत विकत घेतला की सुटका होती. तोटा बसला असता, पण झेपणारा. तेवढ्यात भाव जरा उतरला. आणखी उतरेल, त्याला वाटलं. तो थांबला. उतरला, पुन्हा चढला. आत घंटा वाजली. अजून थोडंच, म्हणत तो थांबला. शेवटी भाव पहिल्यापेक्षाही वर गेल्यावर घाबरून त्याने बटण दाबलं. प्रीमियम गेला, वर पदरचेही गेले. लेकीचे फंड तेवढे वाचले.

तो आत आला, तेव्हा कलश जिनेश आणि दीपालीच्या हातात होता आणि मूर्तीवरून दूध ओघळत होतं. उपाध्यांनी दोनदा हाका मारल्या होत्या. जोडप्याचा कलश एकटीने करायला पद्मावती तयार नव्हती आणि मुहूर्त थांबत नव्हता. मग तिनेच दीपालीला नाव घेऊन पुढे बोलावलं होतं. आता ती मागे, तिच्या नेहमीच्या जागेवर बसली होती.

भरतेश तिच्याजवळ जाऊन टेकला. "वाचलो गं," तो म्हणाला.

"कशातनं?"

भरतेशने मुकुट काढून मांडीवर ठेवला. लाजेने त्याचा चेहरा काळवंडला.

अभिषेक संपला. सवाल ज्यांचा, नाव त्यांचं पुकारायचं, ही मंदिराची रीत. माइकवर आवाज आला, "आजच्या पहिल्या कलशाचे मानकरी, सौभाग्यवती पद्मावती आणि भरतेश!"

सगळ्या माना मागे वळल्या. भरतेशला उठवेना. पद्मावतीने पदर सारखा केला, एकटीच उभी राहिली आणि सगळ्यांना हात जोडले.