आंबील कुठं ठेवायची

गुरुपादप्पाला कुणी फसवलं असतं तर बरं झालं असतं. फसवणाऱ्याला निदान शिव्या तरी देता येतात. इथं सगळेच खरं बोलत होते, सगळेच अदबीनं वागत होते, आणि तरी या गड्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

झालं असं. उदगीर जिल्हा होणार, होणार, अशी आवई उठली तेव्हा रस्त्याकडेच्या रानांना सोन्याचा भाव आला. अप्पाला मूल ना बाळ, गुडघे गेलेले. त्यानं चार एकर विकलं आणि नवरा-बायको लातुरात दोन खोल्यांत राहायला आले. जिल्हा काही झाला नाही, रान मात्र गेलं. त्यावर लागोपाठ दोन सालं पाऊस रुसला. नळाला पंधरा पंधरा दिवसांनी पाणी यायचं, ते भरलं की अप्पाला काम म्हणून उरायचं नाही. म्हातारपणाची सगळी पुंजी बँकेत पडून, आणि ती कुठं लावावी हे कळत नाही.

तेवढ्यात नांदेडचा शेषेराव भेटला. परदेशातल्या जागांचे व्यवहार करणारा, पण लबाड नव्हे, हेच तर अवघड. बाली नावाच्या बेटावर जगभरचे लोक हिंडायला येतात, तिथं दहा जणांनी मिळून एक पाहुणघर बांधायचं आणि भाडं वाटून घ्यायचं, असा त्याचा बेत.

"अप्पा, तिथली जमीन परक्याला विकत मिळत न्हाई, आन आपल्याला घ्यायची बी न्हाई. पंचवीस सालाचा करार. पोहायचा हौद बांधणार न्हाई, गावचं पाणी शेताला पाळीनं जातंय म्हणून. कामाला तिथलीच माणसं. तिथल्या लोकांचा मान राखून करून राहिलो आम्ही."

आता असल्या माणसावर संशय तरी कसा घ्यायचा?

जागा दाखवायला म्हणून त्यानं अप्पाला बेटावर नेऊन आणलं. त्याची बायको दानम्मा गेली नाही. विमानाचं नाव काढल्यावर तिनं कानावर हात ठेवले. जागा झकास होती. चहूकडं भाताची खाचरं, हिरवीगार. लातूरच्या माणसाच्या डोळ्यांत एवढं हिरवं बघून पाणी यायचंच, ते आलं. जागेत मधोमध एक लहानसं दगडी देवस्थान होतं, त्याला काळ्या-पांढऱ्या चौकड्याचं फडकं गुंडाळलेलं. एक म्हातारी आली. तिनं पानाच्या द्रोणात फुलं आणि चार शितं भात ठेवला, उदबत्ती लावली, हात जोडले.

आपल्याकडचा माणूस काय करील? अप्पानं चपला काढल्या, वाकून नमस्कार केला, द्रोणातला भात उचलून कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? म्हातारी बघतच राहिली. रोजच्या या द्रोणातलं इकडं कुणी उचलून खात नाही, असं शेषेरावानं मागून कानात सांगितलं तेव्हा अप्पा शरमेनं अर्धा झाला. पण म्हातारीनं काय करावं? टोपलीतून आणखी मूठभर भात काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. रागानं ठेवला की मायेनं, ते अप्पाला अजून उमगलेलं नाही. ती काही बोललीसुद्धा. ते शेषेरावालाही कळलं नाही.

"ह्या देवाचं काय करणार?" अप्पानं विचारलं.

"सरकवणार. मधोमध येतंय बघा. पण त्यांचाच पुजारी बोलावून, सगळं साग्रसंगीत. रस्त्याकडेला नवा चौथरा बांधून देऊ. जागा म्हातारीच्या घरच्यांचीच, त्यांनी लिहून दिलंय."

सगळं रीतसर होतं. मग घरी आल्यापासून अप्पाला कागदावर सही का करवेना? त्यानं दानम्माला सांगून बघितलं.

"म्हातारीला विचारलं का?" ती म्हणाली.

"घरच्यांनी सही दिलीय म्हणे."

"घरचे फुलं ठेवतेत का?"

 अप्पा दोन दिवस तेच चघळत बसला.

सहीचा शेवटचा दिवस नेमका येळवशीला आला. मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे आमच्या भागातला मोठा सण. गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे रानात. आंबील-भज्जीचा नैवेद्य पाच पांडवांना दाखवायचा आणि येईल त्याला पोटभर जेवू घालायचं. पांडव म्हणजे चुना लावलेले पाच दगड. अप्पाच्या रानातले लिंबाखाली होते, आज्याच्या वक्तापासून. रान विकताना त्यानं एवढंच मागितलं होतं, येळवशीला येऊ द्या. घेणारा भला माणूस, हसत कबूल झाला. दगड तेवढे सरकवावे लागतील, असंही तो तेव्हाच बोलला होता, आणि अप्पानं मान हलवली होती.

गेल्या साली गुडघ्यांनी अडवलं. या साली दोघं एसटीनं निघाले. शेषेरावालाही अप्पानं तिथंच बोलावलं होतं. सही करीन तर रानात, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला जमीन उघडी पडलेली, ज्वारी वीतभर वाढून वाळलेली. आणि आपल्या रानात? तिथं मंगल कार्यालय उभं होतं. सगळं आवार सिमेंटच्या ब्लॉकांनी झाकलेलं. गेटपाशी ग्रॅनाइटचा चौथरा, त्यावर संगमरवरी देऊळ, विजेचा दिवा, आत पाच दगड, पांढऱ्या ऑइलपेंटनं चकचकीत रंगवलेले. ताजा हारसुद्धा घातलेला.

रखवालदार नागप्पा पुढं आला. "मालकानं सांगून ठेवलंय तुमी येणार म्हणून. सतरंजी टाकतो बसायला."

अप्पा हात जोडायला गेला आणि त्याला हात जोडता येईनात. दगड तेच होते. मधल्याचा उडालेला टवकासुद्धा तोच. पण नमस्कार कुठं करायचा, तेच समजेना. राग करावा तर कुणाचा? ज्यानं चौथरा बांधला त्याचा, की मान हलवली त्याचा?

दानम्मा थांबलीच नाही. आंबिलीचं गाडगं डोक्यावर घेऊन ती चौथऱ्यावरनं सरळ पुढं गेली. लिंब तोडलेला, खूण कसलीच नाही, पण बाई अशी चालत होती की जणू घरातल्या घरात चुलीकडं निघालीय. आणि मधेच अडली. समोर शेषेरावाची पांढरी गाडी उभी होती, आणि तो आत कागद घेऊन बसला होता.

काच खाली झाली. "या काकू, नमस्कार."

"बापू, गाडी जरा मागं घे. आमचा देव तुझ्या गाडीखाली हाय."

शेषेरावानं गेटाकडं बघितलं. "देव तर तिकडं मांडलेत न्हवं? लई छान केलंय."

"तिकडं दगड हायत," दानम्मा म्हणाली.

गाडी मागं गेली. ब्लॉकवर तेलाचा डाग होता. दानम्मानं तो पदरानं पुसला, बाटलीतलं प्यायचं पाणी त्यावर शिंपडलं आणि आंबील ठेवून डोकं टेकवलं.

 अप्पाच्या डोळ्यांपुढं बेटावरची ती म्हातारी आली. हातात द्रोण घेऊन नव्या चौथऱ्यावरनं सरळ पुढं येणारी, आणि मधे आपल्या पाहुणघराचं बंद दार.

शेषेराव कागद घेऊन खाली उतरला. "अप्पा, नऊ जणांच्या सह्या झाल्यात. आज न्हाई केली तर तुमची जागा दुसऱ्याला जाईल."

"देव हाय तिथंच राहू द्या. भोवतीनं बांधा. बाईला रोज यायला वाट ठेवा. एवढं लिहा, करतो सही."

"मग मधली खोलीच जाती की. बाकीचे नऊ न्हाई मानायचे. आन आपण अपमान कुठं करून राहिलो, अप्पा?"

"न्हाईच करून राहिलात. मी बी हितं कुणाचा केला न्हवता. तेच तर मला कळंना झालंय." अप्पानं कागद त्याच्या हातात परत दिला. "पण मी त्या बाईच्या हातचा भात खाल्लाय, बापू. माझं नाव काढून टाक."

पुंजी आता कुठं लावायची, पुढं कसं भागायचं, काही म्हणता काही त्याला ठाऊक नव्हतं. शेषेराव कागदाची घडी घालून गाडीकडं वळला.

"जेवून जा," दानम्मा म्हणाली. "येळवशीला कुणी उपाशी जात न्हाई."

"हाव काकू. गाडी तेवढी नीट लावून येतो."

शंभर गाड्या मावतील एवढं ते आवार, सगळं रिकामं. शेषेराव गाडी चालू करून फिरला. एका जागी थांबला, तिथनं निघाला, दुसरीकडं थांबला. शेवटी काच खाली करून त्यानं विचारलं, "काकू, हितं लावू का? हितं खाली काही न्हाई ना?"

दानम्मानं जरा आठवून बघितलं.

"थोडं पुढं घे," ती म्हणाली.