कौशल्याबाईंनी विचारलेला रस्ता

साखरखेर्ड्याच्या कौशल्याबाईंचं पत्र श्रावणात आलं होतं. दिवाळी पंधरा दिवसांवर आली, तरी शालिग्रामभाऊंनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र पडून राहू देणं हा त्यांचा स्वभाव नव्हे. मेहकरच्या वाचनालयात ते एकोणीस वर्षं कारकून होते, आणि पुस्तक हरवणाऱ्या वाचकालाही दोन ओळी नम्रपणे लिहीत. पण या पत्राचं खरं उत्तर सभ्य माणसाला लिहिता येईल, असं त्यांना वाटत नव्हतं.

भाऊंच्या गावाला, बोरटेकला, मुलींची शाळा मंजूर झाली होती आणि कौशल्याबाईंची तिथे नेमणूक झाली होती. त्यांची आई दम्याने आजारी. तिला औषधपाण्यासाठी मेहकरात मामांकडे ठेवायचं, म्हणून बोरटेकला राहणं शक्य नव्हतं. शाळा सकाळी आठची, कारण गावात शाळेची खोली एकच आणि अकरानंतर ती मुलांना लागे. त्या वेळी एस.टी. नाही. बाईंनी सायकल घेतली होती. साडेतीन मैल येणं त्यांना जड नव्हतं. बोरटेकचे एक गृहस्थ रोज सायकलने मेहकरला येतात, असं मामा म्हणाले, म्हणून त्यांनी भाऊंना लिहिलं होतं: ‘कोणत्या रस्त्याने यावे म्हणजे बाईमाणसाला निर्धास्त आणि प्रसन्न मनाने येता येईल, एवढे कळवावे. रस्ता ठीक असेल तरच रुजू होईन म्हणते.’

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कोणी रुजू झालं नाही, तर शाळा दुसऱ्या गावाला जाणार होती. बावीस मुलींची नावं पटावर चढून बसली होती.

‘प्रसन्न’ या शब्दापाशी भाऊ अडले ते अडलेच.

पत्र वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला रस्ता पहिल्यांदा पाहिला. एकोणीस वर्षं ते त्या डांबरी सडकेने जात होते, पण डोकं आदल्या रात्री वाचलेल्या पुस्तकात असे. गाव सुटल्यावर मैलाच्या दगडापासून मोठ्या निंबापर्यंत श्वास रोखायचा आणि जोरात पायडल मारायचं, एवढं पायांना ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी श्वास रोखला, पण डोळे उघडे ठेवले. सडकेच्या दोन्ही अंगांना गावातले पुरुष टमरेलं घेऊन ओळीने बसले होते. कोणी विडी ओढत होता, कोणी पलीकडच्या ओळीतल्या माणसाशी कपाशीच्या भावाबद्दल बोलत होता. दोघातिघांनी बसल्या बसल्याच भाऊंना रामराम घातला. मागून सरकीचा ट्रक आला, तसं त्यांना सायकल सडकेखाली घालावी लागली, आणि चाक सरळ त्यात गेलं. वाचनालयात पोचल्यावर त्यांनी मडगार्ड काडीने खरवडलं.  दुपारचा डबा उघडलाच नाही.

याच दोन ओळींमधून एक तरुण बाई सकाळी सायकलवरून येणार! भाऊंना किळस आली ती घाणीची, माश्यांची, त्या रामरामाची. आणि मग आपली स्वतःची आली. कारण पहाटे टमरेल घेऊन तेही तिथेच जात. दगडाच्या पलीकडे, टाकळीच्या झुडपाआड त्यांची ठरलेली जागा होती. जन्मभर पुस्तकं चाळली आणि याच्यापुढे काही सुचलं नाही.

त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. ‘प्रातर्विधी’ लिहिलं, खोडलं. ‘रस्त्याची परिस्थिती समाधानकारक नाही’ असं लिहिलं, तेव्हा आपण सरकारी खलिता लिहितोय असं वाटून कागद फाडला. ‘या, काही भीती नाही’ असंही एकदा लिहून पाहिलं. ते वाक्य तर त्यांना त्या सडकेपेक्षा घाण वाटलं.

शेवटी धीर करून ते सरपंच हिंमतरावांकडे गेले. पारावर दहाबारा जण होते. भाऊंनी चाचरत सांगितलं, की शाळेसाठी तरी पुरुषांनी सडक सोडून लांबच्या पडीक रानात जावं. कोणी रागावलं नाही, हेच वाईट झालं. हिंमतराव हसून म्हणाले, “भाऊ, सडक सरकारची हाये. सरकारनं उठा म्हनलं का उठू. तवर मास्तरीनबाईनं डोये मिटून याव. तुम्ही नाई का नाक दाबून जात?”

पार खदखदून हसला. भाऊही हसले. घरी येताना त्यांना त्या हसण्याची इतकी शिसारी आली, की जीभ घासावीशी वाटली.

आता एकच वाट उरली होती, मळ्याची. गावामागून निघून ओढा ओलांडून ती आमराईतून जाई आणि मेहकरच्या अलीकडे सडकेला मिळे. ट्रक नाही, गर्दी नाही, पाटाच्या कडेने मऊ माती आणि वर सावली. ओढ्यापर्यंत बायकांची गोदरी, म्हणजे बाहेर बसायची जागा होती. ते गावातला प्रत्येक पुरुष जाणतो आणि म्हणूनच तिकडे नजर टाकत नाही, अशी भाऊंची समजूत होती. पण ओढ्यापलीकडची आमराई मोकळी होती. निदान भाऊ तसंच धरून चालले होते. ओढा चुकवून बांधाबांधाने बाईंना जाता येईल का, हे सायकल चालवूनच बघायला हवं होतं. कोणी विचारू नये म्हणून ते अंधुक उजेडातच निघाले.

बांधावरून सायकल हातात धरून ते आमराईत शिरले आणि सीटवर बसले. क्षणभर फार बरं वाटलं. पाटाचं पाणी वाजत होतं. मग वास आला. आणि मग समोरच्या धूसर उजेडात, वाटेच्या दोन्ही बाजूंना, एकेक करून बायका उभ्या राहिल्या. सगळ्यांनी पदर तोंडावर ओढले, पाठी फिरवल्या. कुठे लोटा कलंडल्याचा आवाज झाला. भाऊंनी ब्रेक दाबला, चाक घसरलं आणि ते दोन्ही हातांवर पडले. हात कशात रुतले, ते बघायची गरज नव्हती.

कोणी हसलं नाही. एक म्हातारी तेवढी उठू शकली नव्हती. ती तानुबाई होती. बसल्या जागेवरून ती म्हणाली, “कोन व्हय बे तो? इथं बी येऊन राह्यले का आता?”

भाऊंनी सायकल उचलली. सायकल ढकलत ते आल्या वाटेने परतले. हौदावर त्यांनी राखेने हात घासले. एकदा, तीनदा, किती वेळा ते त्यांनाही कळलं नाही.

थोड्या वेळाने रुक्मिणीबाई परत आल्या, त्यांची बायको. लोटा बाहेर ठेवला, हात धुतले, चूल पेटवली. चहाची कपबशी समोर ठेवून त्या म्हणाल्या, “मी बी होती तिथं. पाठ करून उभी होती. सायकलच्या खडखडीवरून वळखलं तुम्हाले.”

भाऊंनी कपाला हात लावला नाही. “ओढ्यापर्यंतच असते ना तुमचं?”

“पाच वर्सं झाले त्या गोष्टीले. सडकीवर मोटारी वाढल्या, तसे तुमचे मानसं हटत हटत ओढ्यापावतर आले. मंग आम्ही आमराईत सरलो. अर्धा मैल पडते. तानुबाईले तर जाता जाता उजाडते.”

“मंग मले काऊन नाई सांगतलं?”

“इचारलं कवा तुम्ही?”

भाऊ उठले. ट्रंकेतून पत्र काढून त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, कारण रुक्मिणीबाईंना वाचता येत नव्हतं. पटावरच्या बावीस मुलींत त्यांच्या भावाची नात होती. त्यांनी पत्र कधी आलं ते विचारलं. श्रावणात, म्हटल्यावर त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

“घान कराले लाज नाई,” त्या म्हणाल्या, “आन लिवाले लाज.”

भाऊंनी पेन घेतलं.

मग रुक्मिणीबाईंनीच एकेक सांगायला सुरुवात केली, एखाद्या नव्या सुनेला पाणवठा दाखवावा तशी. सडकीनं येऊ नको म्हणा. मळ्याच्या वाटेनं ये. सूर्य वर आल्यावर ये, तवर आमचं आटोपते. आमराईत उतरून सायकल हाती धर, लुगडं उचलून धर. आपण बायांना सांगू, की पाटाच्या अंगाला बसू नका. ऐकतील का नाही, सांगता येत नाही. ओढ्याच्या अलीकडे पुरुष असतात. तिथं मी उभी राहीन म्हणा. एकटीनं यावं लागणार नाही.

भाऊंनी अंतर्देशीय पत्र उघडलं आणि तसंच लिहिलं. पहिल्याच ओळीत ‘गोदरी’ हा शब्द लिहिला. हात थांबला, पण त्यांनी तो शब्द खोडला नाही. खाली लिहिलं:

‘प्रसन्न रस्ता आमच्या गावाला नाही. सडकेवर पुरुष बसतात. मीही त्यांच्यातलाच एक आहे, म्हणून इतके दिवस लिहिण्याचे धाडस झाले नाही. मळ्याची वाट घाण आहे, परंतु तेथे आपणाकडे कोणी बघत बसणार नाही. ओढ्यापाशी माझी मंडळी आपली वाट बघेल. हे वाचून आपण आला नाहीत, तर त्यात आपला काही दोष नाही, असे मी समजेन. उशीर झाला, तो माझ्यामुळे झाला.’

वाचून पाहिल्यावर ते त्यांना फार उघडंवाघडं वाटलं. भाषा बेढब होती, एक वाक्य तर चक्क उद्धट होतं. दुसरं लिहावं असं मनात येऊन गेलं. पण दुसरं लिहायला बसलो, तर त्यात सडक धुऊन निघेल आणि बाईंना काहीच कळणार नाही, हेही त्यांना कळत होतं. त्यांनी कडा चिकटवल्या, पत्ता घातला आणि सडकेनेच मेहकरला निघाले. रामराम आले. भाऊंनी ते घेतले नाहीत.

पोस्टात पहिली डाक निघायला दहा मिनिटं होती. साखरखेर्ड्याला परवा पोचेल, असं खिडकीतला माणूस म्हणाला. भाऊंनी पत्र पेटीत टाकलं.